टाटा १६१३, कमिन्स ६बीटी: इंजिन न उतरवता मेन आणि बिग एंड बेरिंग बदलल्याच्या नोंदी

गाडी टाटा एलपीटी १६१३, २००३ सालची. इंजिन टाटा कमिन्सचे ६बीटी टर्बो, सहा सिलिंडर, ५.९ लिटर, बोअर १०२ मिमी, स्ट्रोक १२० मिमी. हंगामात ऊस, एरवी विटा आणि खडी. क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) अजून स्टँडर्ड साइजचा, म्हणजे कधी ग्राइंड न झालेला. त्याला ब्लॉकमध्ये धरतात ती मेन बेरिंग, आणि पिस्टनचा रॉड त्याला जिथे जोडलेला असतो तिथली ती बिग एंड. जागा कराड तालुक्यातल्या घरामागचे पत्र्याचे शेड, खाली कोबा. खालची मापे आणि टॉर्क जुन्या १२ व्हॉल्व्हच्या ६बीटीचे आहेत. याच कुटुंबातल्या नंतरच्या इंजिनांत मेनचे बोल्ट अंशाच्या हिशेबाने आवळतात, त्यामुळे आकडे उचलण्याआधी आपल्या इंजिनाचा नंबर आणि मॅन्युअल जुळवून घ्यावे.

६ एप्रिल – बेरिंगच गेली आहेत का?

लक्षणे तीन. गरम इंजिनावर स्लो रनिंगला ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो. चढाला लोड आला की खालून जड ठोका येतो. आणि डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढते आहे.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवला नाही. सेंडर (काट्याला दाब कळवणारा भाग) काढून त्या जागी ० ते ७ बारचे साधे मेकॅनिकल मीटर लावले. थंड इंजिनावर स्लो रनिंगला २.४ बार. पाऊण तास चालवून पूर्ण गरम झाल्यावर स्लो रनिंगला ०.४ आणि २,००० आरपीएमला १.७ बार. या इंजिनाला गरम असताना स्लो रनिंगला किमान ०.७ आणि रेटेड स्पीडला किमान २.१ बार लागते. दोन्हीकडे कमी.

बेरिंगवर ठपका ठेवण्याआधी प्रेशर रेग्युलेटर पाहिला. तो फिल्टर हेडमध्ये बाहेरूनच उघडतो. प्लंजर अडकून उघडा राहिला तरी हेच लक्षण दिसते आणि दुरुस्ती अर्ध्या तासाची असते. आमचा प्लंजर बोटाने सहज सरकत होता, स्प्रिंग शाबूत होती.

ठोका शोधायला एकेका इंजेक्टरचा हाय प्रेशर पाइप अर्धा फेरा सैल केला. ३ आणि ५ नंबरवर डिझेल तोडले की ठोका नरम पडला. बिग एंडचा ठोका असाच वागतो, कारण त्या सिलिंडरचा स्फोट थांबला की शेलवरचा, म्हणजे बेरिंगच्या अर्धगोल पाकळीवरचा, मार थांबतो. सैल पाइपमधून उडणारे डिझेल कातडीत शिरू शकते. वर जाड कापड धरावे, हात लांब ठेवावा.

७ एप्रिल – तेल वाढते कुठून?

सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच. गरम तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकला. मध्ये काळा डाग आणि त्याच्या कडेने फिकट, पारदर्शक कडे पसरले. वासही डिझेलचा. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, डिझेल उतरत होते.

पाणी नाही याची खात्री वेगळी केली: रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी ड्रेन प्लग जेमतेम सैल केला. पाणी असते तर तेच आधी टपकले असते. तसे काही आले नाही.

डिझेल येण्याच्या वाटा मोजक्या. या गाडीत इनलाइन पंप असून त्याला वंगण इंजिनाच्या तेलाचेच आहे. पंपाच्या अंगावर बसलेल्या फीड पंपातली दांडी झिजली की डिझेल पंपाच्या कॅम बॉक्समध्ये आणि तिथून इंजिनात उतरते. फीड पंप काढून, हाताने प्राइमिंगचे बटण दाबत दांडीकडे पाहिले. दर दाबाला दांडीच्या कडेने डिझेल पाझरत होते. दुरुस्तीचे किट न बसवता पंपच नवीन घेतला. दांडीचे भोक झिजले असेल तर नुसते रिंग-सील बदलून फार दिवस टिकत नाही.

हे आधी सापडले नसते तर नवीन बेरिंगही त्याच पातळ तेलात फिरली असती. १५डब्ल्यू-४० तेलात डिझेल मिसळले की जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि शेल यांच्यामधली तेलाची फिल्म पातळ होते, भार वाढला की धातू धातूला घासतो. गॅरेजमध्ये बेरिंग टाकून महिन्या-दोन महिन्यांत परत आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच अशाच असतात: शेल बदलले, कारण तसेच राहिले.

९ एप्रिल – गाडी उचलणे, चेंबर उतरवणे

मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर. बॅटरीच्या दोन्ही केबल काढून टर्मिनलला कापड गुंडाळले. कोणी खाली असताना चुकून सेल्फ लागला तर हात जाईल, यात तडजोड नाही. चासी पुढच्या पाट्यांच्या मागे २० टनी बॉटल जॅकने उचलली आणि दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्यांवर टेकवली. घोड्यांखाली जाड प्लेट घातली, कारण कोबा कितीही पक्का वाटला तरी घोड्याचे पाय त्यात रुततात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणीही खाली जायचे नाही. चासी उचलल्याचा आणखी एक फायदा होतो. पाटे सुटे पडून पुढचा बीम खाली लोंबतो आणि चेंबर सरकवायला जागा मिळते.

तेल गरम असतानाच काढले. जवळपास १८ लिटर निघाले. भरतात १६ च्या आसपास, म्हणजे बाकीचे डिझेल. तेल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात उन्हात धरले तर आत तांबूस चमक दिसली.

चेंबरचे बोल्ट काढूनही चेंबर हलेना. पॅकिंग चिकटून बसले होते. इथे मोठा स्क्रू ड्रायव्हर ठोकून चेंबरची कड उचकटायची सवय सर्रास आहे. त्याने पत्र्याची कड वाकते आणि नंतर गळती लागते. घासण्याची पातळ पट्टी कडेने घालत, लाकडी ठोकळ्यावरून हातोडीने हळूहळू सोडवले. तरीही मागच्या एका कोपऱ्यात कड किंचित वाकली. त्याचा हिशेब पुढे २० तारखेला द्यावा लागला.

चेंबर चार बोटे खाली आला आणि सक्शन पाइपला अडकला. फटीतून हात घालून पाइपचे आणि त्याच्या आधाराचे बोल्ट सोडले, पाइप चेंबरमध्येच पडू दिला आणि दोन्ही एकदम मागे ओढून काढले. चेंबरच्या तळाशी काळी पेस्ट आणि बोटाला लागणारी तांब्याची भुकटी. सक्शनच्या जाळीत जुन्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेले. कोणीतरी कधी चेंबरला भरपूर सिलिकॉन लावले होते. आत दाबला गेलेला भाग सुटून असाच जाळीवर जातो.

१० एप्रिल – बिग एंड उघडणे आणि जुने शेल वाचणे

फ्लायव्हीलच्या खिडकीतून बारने इंजिन फिरवले. १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ या जोड्या एकाच वेळी खाली येतात, त्यामुळे एका स्थितीत दोन कॅप (बेरिंगची खालची अर्धी झाकणे) काढता येतात.

६बीटीचा कनेक्टिंग रॉड कॅपच्या जागी तिरका कापलेला असतो, त्यामुळे बोल्टही तिरके येतात. रॉड आणि कॅप यांच्यावरचे चार आकडी नंबर सारखे हवेत आणि नंबरची बाजू ऑइल कूलरकडे हवी. कॅप काढण्याआधी प्रत्येकीवर पेंट मार्करने सिलिंडर नंबर टाकला. पंच मारून खुणा करू नयेत. शेल तर काढल्याबरोबर मागच्या, तेल न लागलेल्या पाठीवर मार्करने लिहून ठेवले: नंबर, वरचा की खालचा. ही माहिती एकदा मिसळली की परत मिळत नाही.

बोल्ट काढल्यावर कॅप हाताने निघते, नाही निघाली तर रबरी हातोडीने हलकी टिचकी. मग रॉड वर ढकलायचा, तोही जर्नलपासून दोन बोटे सुटेल इतकाच. जास्त ढकलला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला टेकू शकतो. या रॉडला स्टड नसून बोल्ट आहेत ही सोय, नाहीतर जर्नलला ओरखडे पडू नयेत म्हणून स्टडवर रबरी नळी चढवावी लागते.

आता शेल. पोलादी पाठीवर तांबे-शिशाचा थर, त्यावर शिसे-कथलाचा राखाडी मुलामा, अशी या बेरिंगची बांधणी. वरचा मुलामा मिमीच्या शंभराव्या हिश्शांत मोजण्याइतका पातळ. तो संपला की तांबूस रंग उघडा पडतो.

बिग एंडमध्ये स्फोटाचा मार वरच्या शेलवर, मेनमध्ये खालच्या शेलवर. म्हणून कुठले शेल जास्त घासले आहे हे याच बाजूंना पाहायचे. २, ३ आणि ५ च्या वरच्या शेलमध्ये मधोमध तांबे उघडे, खालच्या शेलमध्ये मुलामा जवळपास शाबूत. ही खूण पातळ तेलाची. तांबे एकाच कडेला दिसले असते तर रॉड वाकडा किंवा जर्नल निमुळते असल्याचा संशय घ्यावा लागला असता. बारीक काळे ठिपके आणि गोल रेषा सगळ्याच शेलवर होत्या, म्हणजे धूळही तेलात गेली होती. एअर फिल्टरच्या रबरी होजचा क्लॅम्प सैल सापडला. तो आणि होज दोन्ही बदलले.

३ नंबरच्या वरच्या शेलची पाठ काळी-निळी झाली होती. शेल जागेवर हलत असेल तर पाठीवर असे डाग येतात. रॉडच्या भोकात मात्र घासल्याची खूण नव्हती. बोअर गेजने तीन दिशांना माप घेतले, गोल निघाले. इथे शेल फिरलेला असता तर रॉड बदलल्याशिवाय पुढे जाता आले नसते.

११ एप्रिल – मोजणे

सकाळी सातला सुरुवात. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये मायक्रोमीटर उन्हाने तापतो आणि क्रँक त्याहून थंड असतो. ६९ मिमी पोलादात १० अंशांच्या फरकाने जवळपास ०.००८ मिमी फरक पडतो. रात्रभर मायक्रोमीटर क्रँकजवळच ठेवला होता.

बिग एंड जर्नलची हद्द ६८.९६२ ते ६९.०१३ मिमी. प्रत्येक जर्नलवर दोन जागी आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी माप घेतले. पाच जर्नल ६८.९८ ते ६९.०० मध्ये, ३ नंबर ६८.९७५. निमुळतेपणाची मर्यादा ०.०१३, इथे ०.००५. लंबगोलपणाची मर्यादा ०.०५०, इथे ०.०१०. म्हणजे स्टँडर्ड शेल चालतील.

३ नंबरवर बारीक रेषा होत्या. नख आडवे फिरवले तर अडकत नव्हते. नख अडकले असते तर काम इथेच थांबवून क्रँक उतरवावा लागला असता. खरवडलेल्या जर्नलवर नवीन शेल घालणे म्हणजे तोच मुलामा कानसीवर धरणे. तेलाच्या छिद्रात कापसाचा बोळा दाबून, १,००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरची पट्टी जर्नलभोवती गुंडाळली, तिच्यावर सुती दोर फिरवून दोन्ही टोके आळीपाळीने ओढली. एका जागी न थांबता पाच मिनिटे. नंतर रॉकेलने धुऊन, बोळा काढून छिद्रात हवा मारली. पुन्हा मोजले: फरक मायक्रोमीटरला दिसण्याइतका नाही. हे पॉलिश आहे, याने झीज भरून येत नाही.

मेन जर्नल खालून मायक्रोमीटरने मोजता येत नाही, कारण वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये असतो. तिथे प्लास्टिगेजवरच भिस्त (दाबल्यावर चपटा होणारा मऊ दोरा, त्याच्या रुंदीवरून बेरिंगमधली फट कळते).

१२ एप्रिल – चुकीचा सेट

मागवलेला बिग एंडचा डबा उघडला. डब्यावर स्टँडर्ड, आतल्या शेलच्या पाठीवर ०.२५. म्हणजे क्रँक ग्राइंड केल्यावर लागणारी साइज. दुकानदाराने बदलून दिला, पण मधली सुट्टी धरून काम खोळंबले. डब्यावरचे लेबल वाचून थांबू नये, प्रत्येक शेलची पाठ पाहावी. ०.२५ चे शेल स्टँडर्ड जर्नलवर आवळले तर क्रँक फिरतच नाही, आणि जोर लावून फिरवला तर मुलामा सोलून निघतो.

१५ एप्रिल – बिग एंड बसवले

शेलची पाठ आणि रॉडचे भोक कोरडे आणि स्वच्छ. पाठीला तेल लावायचे नाही. शेलची उष्णता पाठीतून रॉडमध्ये जाते आणि तेलाची पापुद्री त्या वाटेत येते. शेलची जीभ खाचेत बसते, दोन्ही टोके रॉडच्या कापापेक्षा केसभर वर राहतात. कॅप आवळल्यावर ते केसभर दाबले जाते आणि त्या दाबानेच शेल जागेवर पकडून राहतो.

याच ठिकाणी आपल्याकडे दोन घातक सवयी आहेत. एक, बेरिंग सैल वाटले की कॅपची कड कानसीने घासणे. दुसरी, शेलच्या पाठीमागे कागद किंवा पातळ पत्रा घालणे. दोन्हींनी प्लास्टिगेजचे माप चांगले येते आणि मालक खूश होतो. पण कॅप घासली की भोक लंबगोल होते आणि तो रॉड कायमचा बिघडतो. पत्रा घातला की उष्णता अडते, पत्रा चुरगळतो, शेल फिरतो, तेलाचे भोक बंद होते. पुढे रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. माप बसत नसेल तर क्रँक ग्राइंड करून जाड शेल घालणे हाच उपाय आहे.

प्लास्टिगेज: जर्नल आणि शेल पुसून कोरडे, खालच्या शेलवर आडवा तुकडा, कॅप लावून पूर्ण टॉर्क, इंजिन अजिबात फिरवायचे नाही, मग कॅप काढून चपट्या झालेल्या पट्टीची रुंदी कागदी पट्टीशी जुळवायची. मर्यादा ०.०८९ मिमी. आमचे सहाही ०.०५१ ते ०.०६४ च्या मध्ये. जुन्या शेलवर ३ नंबरला ०.१२ च्या पुढे आले होते. ०.४ बारचे उत्तर त्यात आहे.

मग पट्टी पुसून, शेलच्या आतल्या बाजूला भरपूर असेंब्ली ग्रीस, नवीन बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन तेल. आवळणे तीन टप्प्यांत, दोन्ही बोल्ट आळीपाळीने: ३५, ७०, १०० न्यूटन मीटर. ४० ते २०० चा मोठा टॉर्क पाना ३५ ला चालत नाही, लहान पाना लागतो. जुने बोल्ट परत वापरण्यात वाचणारे पैसे फार नाहीत आणि बोल्ट तुटला तर इंजिन जाते, म्हणून बाराही नवे.

प्रत्येक कॅपनंतर दोन गोष्टी: रॉड जर्नलवर पुढे-मागे हाताने सरकतो का (बाजूचा खेळ ०.१० ते ०.३३ मिमी) आणि इंजिन बारने पहिल्याइतकेच सहज फिरते का. सहा कॅप लावून झाल्यावर जड लागले तर कुठली चुकली हे शोधायला सगळे परत उघडावे लागते.

१६ आणि १७ एप्रिल – मेन बेरिंग

एका वेळी एकच कॅप. बाकीच्या सहा पूर्ण आवळलेल्या असल्या की क्रँक जागेवर राहतो. कॅप ब्लॉकच्या खाचेत घट्ट बसते. बोल्ट अर्धे सोडून ते हातात धरून कॅप डावी-उजवी हलवत खाली आणायची. मागचा ऑइल सील वेगळ्या कव्हरमध्ये असल्याने ७ नंबरची कॅप काढताना सीलला धक्का लागत नाही.

वरचा शेल काढण्याची युक्ती: जर्नलच्या तेलाच्या छिद्रात अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट घालायचा. त्याचे डोके चपटे आणि शेलच्या जाडीपेक्षा पातळ हवे. इंजिन हळू फिरवले की डोके शेलच्या सपाट टोकाला ढकलते आणि जिभेचे टोक आधी बाहेर येते. उलट फिरवले तर जीभ खाचेत रुतते.

पहिल्या दोन कॅपना हे नीट जमले. ४ नंबरवर शेल वार्निशने चिकटलेला, रिव्हेट वाकला आणि डोके चिणले गेले. जोर लावला असता तर तुकडा छिद्रात गेला असता. रिव्हेट पकडीने काढला, शेजारच्या ३ आणि ५ च्या कॅप दोन-दोन फेरे सैल केल्या. क्रँक जेमतेम खाली बसला, वरच्या शेलवरचा दाब सुटला. कडेने पेनिट्रेटिंग ऑइल सोडून अर्धा तास थांबलो आणि नव्या रिव्हेटने शेल सहज निघाला. यापुढच्या प्रत्येक कॅपला आधी शेजारच्या सैल करूनच काम केले. अर्धा दिवस वाया जाण्यापेक्षा हे सुरुवातीपासून करावे.

नवा वरचा शेल हाताने जितका जाईल तितका सरकवायचा, सपाट टोक आधी, शेवटचा भाग रिव्हेटने. शेलवरचे तेलाचे छिद्र ब्लॉकच्या छिद्राशी जुळले पाहिजे. बिनछिद्राचा शेल वर गेला तर त्या जर्नलला आणि त्यावर अवलंबून असलेल्या रॉडला तेलच मिळत नाही. पिस्टनला खालून तेल मारणारे नोझल याच मेनच्या बैठकीत असतात, त्यांचीही वाट शेलमधून आहे. शेल काढल्यावर टॉर्चने नोझलची तोंडे पाहिली आणि तारेने न कोरता फक्त हवा मारली.

मेनला प्लास्टिगेज लावताना एक अडचण येते. क्रँक स्वतःच्या वजनाने खालच्या शेलवर टेकलेला असतो, त्यामुळे माप खोटे, कमी येते. शेजारच्या काउंटरवेटखाली लाकडी ठोकळा ठेवून छोट्या जॅकने क्रँक हलकाच वर दाबला आणि मग कॅप आवळली. मर्यादा ०.११९, आमचे ०.०६४ ते ०.०७६.

कॅपवरचे नंबर पुढून मागे १ ते ७, नंबर ऑइल कूलरच्या बाजूला. टॉर्क ६०, ११९, १७६ न्यूटन मीटर. चासीखाली झोपून १७६ लावायला लांब दांडीला जागा मिळत नाही. पाय बीमला लावून दोघांनी ओढावे लागले. पाना क्लिक करेपर्यंत सलग ओढायचे, अर्ध्यात थांबून परत ओढले तर पाना लवकर क्लिक करतो.

६ नंबरचा शेल कॉलरचा असतो, क्रँकचा पुढे-मागे खेळ तोच सांभाळतो. जुन्याची कॉलर एका बाजूने चकचकीत घासलेली. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकण्याची ही किंमत: प्रेशर प्लेटचा जोर सतत क्रँकला पुढे ढकलत राहतो. डायल गेजने खेळ आधी ०.४१, नव्या शेलने ०.२४. हद्द ०.१० ते ०.४३.

१९ एप्रिल – बंद करणे

सक्शन पाइप रॉकेलने धुऊन, वेल्डच्या जागी भेग नाही हे पाहून नव्या पॅकिंगसह बसवला, २४ न्यूटन मीटर. हे छोटे पॅकिंग विसरले किंवा फाटले तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि सगळे नवीन असूनही प्रेशर नाचत राहते.

चेंबरचे पॅकिंग कोरडे. सिलिकॉन फक्त चार जागी: पुढचे गिअर हाउसिंग आणि मागचे कव्हर ब्लॉकला जिथे मिळतात त्या सांध्यांवर, वाटाण्याएवढे. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, २४ न्यूटन मीटर. ड्रेन प्लग ८०.

नवा फिल्टर तेलाने भरून लावला. टर्बोची तेलाची वरची नळी सोडून त्यात ५० मिली तेल ओतले. चेंबरमध्ये १५ लिटर घालून बाकीचे डिपस्टिक बघत.

२० एप्रिल – पहिला स्टार्ट आणि गळती

डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारला. एका वेळी १५ सेकंद, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. मीटरचा काटा हलला तेव्हाच डिझेल सोडले. कोरड्या बेरिंगवर इंजिन पेटवण्याची घाई केली तर मुलामा पहिल्याच मिनिटात जातो.

थंड स्लो रनिंगला ३.८ बार. गरम झाल्यावर स्लो रनिंगला १.५, २,००० आरपीएमला ३.६. ठोका नाही. तेलाचा पंप न उघडण्याचा निर्णय बरोबर ठरला. प्रेशर कमी होते ते बेरिंगच्या सैलपणामुळे.

पण मागच्या उजव्या कोपऱ्यातून थेंब थेंब तेल. ९ तारखेला वाकलेली हीच कड. बोल्ट आणखी आवळून पाहिला. त्याने पॅकिंग बाहेर पिळले गेले आणि गळती वाढली.

२१ एप्रिल

तेल स्वच्छ डब्यात काढून झाकून ठेवले. चेंबर परत उतरवला. सरळ पट्टी लावून पाहिली तर त्या कोपऱ्याशिवाय प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवतीही पत्रा वर फुगलेला होता. आधीच्या लोकांनी जास्त आवळल्याने असे होते. कड लोखंडी ठोकळ्यावर ठेवून गोल हातोडीने हलके ठोकत सपाट केली. नवे पॅकिंग, पुन्हा २४ न्यूटन मीटर. गळती बंद. चेंबर पहिल्यांदा काढला तेव्हाच ही पट्टी लावली असती तर एक पॅकिंग आणि एक दिवस वाचला असता, म्हणून हे काम धुण्याच्या वेळीच उरकावे.

५ मे – ५०० किमी

पहिले ५०० किमी निम्म्या लोडवर, चढाला गिअर लवकर उतरवून. तेल आणि फिल्टर बदलले. जुना फिल्टर करवतीने कापला. पत्रा कापणाऱ्या ग्राइंडरने कापू नये, त्याची पूड घडीत जाऊन सगळे वाचन बिघडते. कागदाची घडी उघडून उन्हात धरली. सुरुवातीच्या घडींत थोडी राखाडी चमक, तांबूस काही नाही, चुंबकाला काही चिकटले नाही. टिपकागदावर फिकट कडे नाही आणि तेलाची पातळी जिथे भरली होती तिथेच. म्हणजे डिझेल थांबले.

खर्च, रुपयांत आणि आमच्या भागातल्या भावाने: मेन सेट ४,८००. बिग एंड सेट २,९००. रॉड बोल्ट १,८००. चेंबरची दोन पॅकिंग ९००, सक्शनचे ६०. दोन फिल्टर १,३००. दोन वेळचे तेल मिळून ३२ लिटर, १०,५६०. फीड पंप १,९००. प्रेशर मीटर ९००. प्लास्टिगेज ७००. सिलिकॉन ३००. रॉकेल, चिंध्या, पॉलिश पेपर ६००. एकूण २६,७२०. टॉर्क पाने, मायक्रोमीटर, बोअर गेज आणि घोडे ओळखीच्या वर्कशॉपमधून आणले, ते यात धरलेले नाहीत. एअर होज आणि क्लॅम्पही वेगळे.

प्रेशर मीटर काढलेले नाही. टी लावून सेंडर आणि मीटर दोन्ही ठेवले आहेत, मीटरची नळी केबिनमध्ये आणली आहे. गरम स्लो रनिंगचा आकडा दर आठवड्याला डिपस्टिकच्या पातळीसोबत वहीत लिहायचा. आकडा १.० च्या खाली आला किंवा पातळी वर चढली तर गाडी लोडला न लावता आधी टिपकागद.

पुढचे तेल ५,००० किमीला, फिल्टर तेव्हाही कापून पाहायचा.